अकरा महिन्यांची पदवी आणि सहा घरांच्या कुरडया

मला देश बदलायचा आहे, आणि शक्यतो तिशीच्या आत. सध्या मी सत्तावीस वर्षांचा आहे, त्यामुळे वेळ कमी आहे हे तुमच्या लक्षात आलं असेल. (माझ्या बायकोच्या, मैथिलीच्या, ते साखरपुड्यातच लक्षात आलेलं. मी गुरुजींना "अजून किती राहिलंय?" असं तीनदा विचारलं होतं.)

देश बदलण्याच्या कामी माझी नोकरी फारशी उपयोगाची नाही. वागळे इस्टेटमध्ये शीतगृहांचे दरवाजे बनवणाऱ्या एका कंपनीत मी असिस्टंट मॅनेजर, कोऑर्डिनेशन, आहे. म्हणजे एका माणसाची ईमेल मी दुसऱ्याला पाठवतो, आणि दुसऱ्याने उत्तर दिलं नाही की पहिल्याला तसं कळवतो. चार वर्षं हे केल्यावर मला वाटायला लागलं की खेड्यापाड्यातल्या बायकांच्या हाताला काम देणारी एखादी मोठी संस्था आपण उभारावी, आणि त्यासाठी आधी एमबीए करावं. पण नेहमीच्या एमबीएला दोन वर्षं लागतात. दोन वर्षांनी मी एकोणतीस. मग देशाच्या वाट्याला एकच वर्ष उरतं.

नेमकी तेव्हाच मोबाईलवर ठाण्यातल्या एका संस्थेची जाहिरात आली. दोन वर्षांची पदवी, अकरा महिन्यांत.

"अकरा महिन्यांत सगळं शिकवतात," मी मैथिलीला सांगितलं.

"मग बाकीची कॉलेजं उरलेले तेरा महिने काय करतात?"

"टाइमपास."

मैथिली कोपरीच्या एका दवाखान्यात लोकांचे अडलेले गुडघे आणि खांदे चालू करून देते. रोज दहा अंश, फार तर पंधरा. त्यामुळे घाई या गोष्टीवर तिचा विश्वास नाही.

"नोकरी सोडावी लागेल ना?"

"हो. कोर्स पूर्णवेळ आहे."

"म्हणजे अकरा महिने घर माझ्या पगारावर. ठीक आहे, चालवू. मला फक्त एक सांग. तुला ही डिग्री हवीय, की लवकर हवीय?"

"दोन्ही."

"एकच निवडायचं असेल तर?"

विचार करून सांगतो म्हटलं आणि फॉर्म भरायला बसलो.

"फॉर्म घेऊन सोमवारी मुलाखतीला जायचंय ना," ती म्हणाली. "सोमवारपर्यंत ठरव. पण ठरव. जर्मनसारखं नको."

(मी जर्मन शिकत होतो. चार धडे झाले आहेत. मी जर्मनीत हरवलो तर स्टेशन कुठे आहे हे विचारू शकतो, पण मिळालेलं उत्तर मला कळणार नाही.)

फॉर्ममधले सहा प्रश्न मी वीस मिनिटांत उडवले. सातव्यावर अडलो. 'आपल्या पुढाकारामुळे एखाद्या समूहाच्या कामाचा वेळ कमी झाल्याचे एक उदाहरण आकड्यांसह द्या. मुलाखतीत त्यावर चर्चा होईल.' माझ्याकडे उदाहरण नव्हतं. ऑफिसात एकदा मी चहाची किटली टेबलांच्या जवळ आणून चहाचा वेळ वाचवायचा प्रयत्न केलेला. लोक दुप्पट चहा प्यायला लागले.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "सौमित्र, माळ्यावरचं मोठं पातेलं काढून दे रे. कुरडयांचे दिवस आले."

आणि मला उदाहरण मिळालं.

आमची ठाकुर्लीची सोसायटी चार मजल्यांची, बिनलिफ्टची. तिच्या गच्चीवर दर एप्रिलमध्ये सहा घरांच्या कुरडया होतात. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून त्याचा चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा, सकाळी शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून साडीवर घालायचा. पुढे दोन दिवस ऊन. हे सगळं पाळीपाळीने चालतं. आज आमच्याकडे, तीन दिवसांनी कलावतीकाकूंकडे, मग तीन दिवसांनी पहिल्या मजल्यावरच्या रुचिताकडे. सहा घरं, अठरा दिवस. मी लहान असल्यापासून हे बघत आलोय, आणि इतक्या वर्षांत एकाही माणसाला प्रश्न पडला नव्हता की ही सहाही घरं एकाच दिवशी का करत नाहीत.

मला पडला. मी गच्ची टेपने मोजली. सहा घरांच्या साड्या आरामात मावत होत्या. लॅपटॉपवर तक्ता केला: आधी अठरा दिवस, नंतर तीन. प्रत्यक्ष कामाचा दिवस एकच, रविवार. मग 'मिशन वाळवण' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढून सहाही घरांना त्यात घेतलं.

कुणी विरोध करेल असं वाटलेलं, पण प्रत्येकीचं आपापलं कारण निघालं. कलावतीकाकूंना भाचीच्या लग्नाला सांगलीला जायचं होतं. रुचिताचं हे लग्नानंतरचं पहिलंच वर्ष, तिला एकदाचं उरकायचं होतं. आई फक्त म्हणाली, "सगळ्यांचं एकदम? मीराबाईंशी बोललास?"

"त्या ग्रुपवर नाहीत ना आई."

मीराबाई तळमजल्यावर एकट्या राहतात. वय सत्तरच्या पुढे, मूळच्या जुन्नरकडच्या. त्या स्वतः गहू भिजवत नाहीत. प्रत्येक घरातून त्यांचा वाटा त्यांना पोचतो. माझ्या तक्त्यात सहा घरं होती आणि मीराबाई घर नव्हत्या, म्हणून त्या तक्त्यात नव्हत्या.

बुधवारी संध्याकाळी सहा घरांत गहू भिजले. शनिवारी सहा मिक्सर एकदम फिरले. (दुसऱ्या मजल्याचा फ्यूज गेला. तो मी 'आरंभीच्या अडचणी' या मथळ्याखाली लिहून ठेवला.) रविवारी सकाळी सात वाजता सहा घरांत सहा गॅस पेटले. मी हातात फोन घेऊन आमच्या दारात उभा राहिलो. मैथिली सुट्टीचा चहा पीत माझ्याकडे बघत होती, तिच्याकडे आलेले पेशंट पहिल्यांदा चालून दाखवतात तेव्हा बघते तशी.

सात वाजून पाच मिनिटांनी आईने आधण ठेवलं, पदर खोचला आणि म्हणाली, "मी आलेच." आणि गेली.

दोन मिनिटांत कलावतीकाकू आमच्या दारात. त्यांचाही पदर खोचलेला.

"सुमतीताई कुठेत?"

"तुमच्याकडे गेली ना."

"माझ्याकडे? मी तर इथे मदतीला आले."

"मग तुमच्याकडे कोण आहे?"

"कोण असणार? कुलूप नाही घातलं, एवढंच."

तोवर खालून रुचिता धापा टाकत आली. "काकू, तुम्ही इथे आहात होय? मी तुमच्याकडे जाऊन आले. तिथे सुमतीकाकू एकट्याच उभ्या आहेत, त्या तुम्हाला शोधतायत."

मी जिन्यात वाकून पाहिलं. सहा बायका, सहा खोचलेले पदर, आणि जी ती दुसरीच्या घरी निघालेली. रुचिता सोडली तर बाकीच्यांची बावीस-पंचवीस वर्षांची सवय. कुरडयांच्या दिवशी पदर खोचला की पाय शेजारणीकडे वळतात. एकीने ढवळायचं, एकीने पाणी द्यायचं, दोघींनी सोऱ्या दाबायचा, दोघींनी साडी ताणून धरायची. अठरा दिवसांच्या त्या जुन्या पद्धतीत प्रत्येक घराला बारा हात मिळत होते. माझ्या पद्धतीत प्रत्येक घराला दोनच मिळाले, आणि तेही जिन्यात होते.

"असू दे," कलावतीकाकू म्हणाल्या. "मीराबाईंना बोलवा. शिजलाय की नाही ते त्याच सांगतील. आणि सोऱ्या त्यांच्याकडेच आहे."

"सगळ्यांचे आपापले सोरे आहेत ना?" मी म्हणालो.

"ते चकलीचे. कुरडईची बारीक ताटली एकट्या मीराबाईंच्या पितळी सोऱ्याला आहे."

हे ऐकून ज्या वेगाने मी तळमजल्यावर उतरलो त्याहून बायका वेगाने उतरल्या. मीराबाई दारात बसून पावाचा तुकडा चहात बुडवत होत्या. सहा बायका एकदम म्हणाल्या, "मीराबाई, चला."

मीराबाईंनी तुकडा तोंडात टाकला, सावकाश गिळला. "आज कुणाकडं हाय?"

"सगळ्यांकडे."

"कुणाला इचारून?"

सहा बोटं माझ्याकडे वळली.

मीराबाईंनी मला नीट पाहिलं. "तू शिकलेला ना?"

"हो."

"तरीच."

सत्तरीच्या गुडघ्यांनी सहा स्वयंपाकघरं फिरणं शक्य नव्हतं. (मैथिलीने वरून ओरडून बजावलंच, "मीराबाई, जिन्यांची चढ-उतर नाही हं करायची.") म्हणून आम्ही दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची टाकून त्यांना तिथे बसवलं, आणि सहा घरांतून पळीत थोडाथोडा चीक त्यांच्यापुढे यायला लागला. मीराबाई पळी तिरपी करून बघायच्या. "कच्चा." पळी परत. "गुठळ्या." पळी परत. "हा कुणाचा? बंद कर, बंद कर, जळंल." पळी घेऊन रुचिता धावत खाली. पळीतला चीक जिन्यावर सांडायला लागला. कुणाचा शिजलेला गार होऊन थिजला, कुणाचा कच्चाच राहिला, आणि सोऱ्या एकच होता आणि तो मीराबाईंच्या मांडीवर होता.

साडेआठला मीराबाई उठल्या. "बास. समदं गच्चीवर न्या. येकाच भांड्यात."

"एकाच?" कलावतीकाकूंचा चेहरा उतरला. "माझा खपली गव्हाचा आहे."

"मग आता समद्यांचाच थोडा खपलीचा व्हईल."

सहा घरांचा चीक मावेल एवढं पातेलं फक्त सोसायटीकडे होतं, पूजेच्या जेवणाचं, आणि ते तानाजीकाकांच्या ताब्यात. तानाजीकाका आमचे सेक्रेटरी. रेल्वेतून निवृत्त झालेत, पण रजिस्टरमधून नाही.

"पातेल्यासाठी अर्ज लागतो," ते म्हणाले.

"काका, सहा घरांचा चीक आंबेल."

"मी नाही कुठे म्हणतोय? हेतू काय लिहू?"

"कुरडया."

त्यांनी चष्मा लावला आणि वळणदार अक्षरात लिहिलं: 'कुरडया (तातडीच्या)'. मग स्वतःच पातेल्याची एक बाजू धरून गच्चीवर आले. त्यांच्या मागून इतर नवरे आले, कारण बायका घरात नव्हत्या आणि चहा मिळत नव्हता. मोठी शेगडी पेटली. सहा घरांतली माणसं बादल्या, पातेली, डबे घेऊन जिना चढू लागली. एवढी माणसं आमच्या गच्चीवर मी एकत्र कधीच पाहिली नव्हती, अगदी पाण्याच्या टाकीच्या मीटिंगलासुद्धा नाही.

"आता ढवळायला जोरकस हात पायजे," मीराबाई म्हणाल्या. "हा शिकलेला कुठंय?"

तर मी ढवळायला लागलो. हातभर लांब लाकडी दांडा, पांढराशुभ्र चीक. पाच मिनिटांनी मी म्हटलं, "झाला वाटतं."

"चकाकी आली का?"

"आली."

"कुठं?"

मी बोट दाखवलं. मीराबाई म्हणाल्या, ते ऊन आहे.

पंधरा मिनिटांनी पुन्हा विचारलं. वीसला पुन्हा. मैथिली बाजूला साडी ताणून धरून उभी होती. "सौमित्र," ती म्हणाली, "गुरुजी आठवले."

अर्ध्या तासाने मीराबाई बीपीची गोळी घ्यायला पाण्याच्या टाकीकडे गेल्या. जाताना म्हणाल्या, "आच हाय तशीच ऱ्हाऊ दे." आणि खरं सांगतो, माझा हेतू वाईट नव्हता. सगळे ताटकळलेले, ऊन चढत होतं, माझे खांदे भरून आले होते. मी शेगडीचा कान थोडा पिळला. थोडाच. लाडक्या पोराचा पिळतात तितका.

आधी दांडा जड झाला. मग वास आला.

मीराबाई तोंडात गोळी घेऊनच वळल्या. "आच कुणी वाढवली?"

या वेळी बोटं वळायची गरजच पडली नाही.

सहा घरांचं वर्षाचं तळण त्या पातेल्यात होतं. सणाच्या पानातली, पाहुण्यांच्या ताटातली, कलावतीकाकूंच्या भाचीच्या रुखवतातली कुरडई. आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला एकदम आठवलं की मला खेड्यापाड्यातल्या बायकांच्या हाताला काम द्यायचं होतं. इथे सहाजणींच्या हातातलं काम मी अर्ध्या तासात करपवून दाखवलं होतं.

"ढवळू नको," मीराबाई शांतपणे म्हणाल्या. "दांडा काढ. तळाला हात लावायचा नाय. सुमती, दुसरं भांडं. वरचा वरचा काढून घ्या. तळ तसाच ऱ्हाऊ दे, त्याला त्याचं करपू दे."

आई, कलावतीकाकू, रुचिता अशा सगळ्याजणी वाकल्या. वाट्यांनी, पळ्यांनी, हाताला लागेल त्याने वरचा चीक अलगद दुसऱ्या पातेल्यात आला. मीराबाईंनी एक थेंब जिभेवर ठेवला. सगळी गच्ची त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"धुराचा वास हाय जरा," त्या म्हणाल्या. "पन जमंल."

दहा मिनिटांनी दुसऱ्या पातेल्यात खरी चकाकी आली, आणि ती आल्यावर मला कळलं की मी तोवर जिला चकाकी म्हणत होतो ती कशाचीच नव्हती. पितळी सोऱ्या भरला गेला. दोघी दाबायला, दोघी साडीला, बाकीच्या रांगेत. नवऱ्यांना वाट्या धुवायला बसवलं. थोडा चीक बाजूला काढून, त्यावर तूप आणि साखर घालून वाट्या फिरल्या. तानाजीकाकांनी तीन खाल्ल्या आणि एकीचीही नोंद केली नाही. कलावतीकाकू हसत म्हणाल्या, "वास काही वाईट नाही हो. चुलीवरचा वाटतो." रुचिताने सगळ्यांचा फोटो काढला. साड्यांवर दुपारपर्यंत बदामी रंगाच्या कुरडयांच्या ओळी लागल्या. कोणती कुणाची ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

संध्याकाळी आई गॅलरीत बसली होती. माझ्यावरचा राग गेला होता.

"झालं सगळं?" ती म्हणाली.

"झालं. एका दिवसात."

"हं." ती समोरच्या वायरवरची चिमणी बघत होती. "मग उद्या मी कुणाकडे जाऊ?"

तिने मनातल्या मनात अठरा दिवस राखून ठेवले होते. कलावतीकाकूंकडचे पोहे, रुचिताच्या नव्या संसाराची चौकशी, मीराबाईंच्या जुन्नरच्या गोष्टी. ते सगळं मी 'वेळेची बचत' या रकान्यात टाकून मोकळा झालो होतो.

सोमवारी मुलाखत. समोर सुमेधा मॅडम, पांढरे केस, साधी सुती साडी. त्यांनी सातव्या प्रश्नाचं उत्तर वाचलं.

"अठरा दिवसांचं काम तीन दिवसांत. छान. उत्पादन तेवढंच झालं?"

"चार घरांइतकं. घरं सहा आहेत."

"आणि दर्जा?"

"बदामी."

"काम करणाऱ्यांचं समाधान मोजलंत?"

मी रुचिताने काढलेला फोटो दाखवला. मॅडमनी तो बोटांनी मोठा केला. "या खुर्चीतल्या बाई कोण? यांचा तुमच्या तक्त्यात कुठे उल्लेख नाही."

मी सगळं सांगितलं. आचेचंही. सांगायचं नाही असं ठरवून गेलेलो, पण त्या इतक्या शांतपणे ऐकत होत्या की निघून गेलं. त्या खूप हसल्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला प्रवेश मिळेल. अडचण ती नाही. पण हा कोर्स कुणासाठी आहे ते सांगते. ज्याला कुठे जायचंय ते पक्कं ठाऊक आहे आणि तिथे पोचायला फक्त ही एक पायरी कमी आहे, त्याच्यासाठी हे अकरा महिने सोन्यासारखे. यात मधली सुट्टी नाही, कुठल्या कंपनीत दोन महिने काम करून बघणं नाही, चुकलं म्हणून परत फिरणं नाही. तर मला सांगा, तुम्हाला कुठे जायचंय?"

"लवकर," मी म्हणालो.

तोंडातून गेल्यावर ऐकू आलं. मॅडमनी फॉर्म हळूच माझ्याकडे सरकवला.

घरी येऊन मैथिलीला सांगितलं की अकरा महिन्यांचा कोर्स करत नाही. नोकरी ठेवतो, शनिवार-रविवारचा तीन वर्षांचा बघतो, आणि मधल्या काळात बायकांच्या हाताला काम देण्याआधी बायका काम कसं करतात ते बघून घेतो.

"म्हणजे तुला डिग्री हवीय," ती म्हणाली.

"असं दिसतंय."

तिने माझा खांदा धरून हळूच फिरवून बघितला. ढवळून आखडला होता. "दहा अंश," ती म्हणाली. "सुरुवात चांगली आहे."

मीराबाईंना ही बातमी मी सांगण्याआधीच कळली. मंगळवारी सकाळी रजेचा दुसरा दिवस म्हणून मी गच्चीवर गेलो, तर त्या कुरडया उलटत होत्या.

"शाळा रद्द का तुझी?"

"लांबची घेतली."

"बरं केलंस. हितं बी ये. पैलं वरीस कावळे राखायचे. दुसऱ्या वर्सी गाळायला बसवीन. तिसऱ्याला दांडा हातात."

"आणि सोऱ्या?"

"सोऱ्या तुझ्या आयेला बी अजून दिला नाय. बावीस वर्सं झाली तिला."

त्यांनी मला एक छत्री, एक काठी दिली आणि टाकीच्या सावलीत बसवलं. तेव्हापासून मी इथे बसून हे लिहितोय. मन लागलंय, ऊन छान आहे, खालून कुणाच्या तरी पोह्यांचा वास येतोय. (आई कलावतीकाकूंकडे गेली आहे. काहीच काम नसताना. मी कारण विचारलं नाही.)

आत्ताच मीराबाई वर येऊन गेल्या. त्यांनी साडीवरच्या ओळी मोजल्या, मग माझ्या वहीकडे बघितलं, मग समोरच्या भिंतीवर बसलेल्या कावळ्याच्या चोचीतल्या बदामी तुकड्याकडे.

"पैलं वरीस पुन्हा," त्या म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

म्हणजे गच्चीवरचा तीन वर्षांचा कोर्स मला आता चार वर्षांत होईल.